नॅरोगेज इंजिनाच्या शेडला १५ टनी क्रेन घ्यावी का?

इतर वाचकांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्या ताईंची छोटी संस्था आहे. सोलापूरकडच्या एका जुन्या दगडी मालशेडमध्ये त्यांनी अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजचं, सहा ॲक्सलचं एक टँक इंजिन (पाणी स्वतःवरच्या टाक्यांत वाहणारं वाफेचं इंजिन) आणि दोन लाकडी डबे दुरुस्तीला घेतले आहेत. काम करणारे बहुतेक हौशी लोक, सोबत दोन पगारी फिटर. शनिवार-रविवारी शेड लोकांना बघायला खुली असते, शाळांच्या सहलीही येतात. एका पुरवठादाराने १५ टनी ईओटी क्रेन, म्हणजे वरच्या रुळांवरून फिरणारी विजेची क्रेन, सुचवली आहे आणि देणगीदारही तयार आहेत. संस्थेतले काही जण म्हणतात, एवढा खर्च कशाला, छताच्या कैचीला चेन पुली बांधू. यातलं काय करावं, असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही करू नका. माझी नोकरी रेल्वे वर्कशॉपच्या लिफ्टिंग शॉपमध्ये झाली आणि निवृत्तीनंतर जुनी इंजिनं सांभाळणाऱ्या काही खाजगी मंडळींना मदत करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो. शेड मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी जागेवर बघूनच ठरतील. त्या कुठल्या, तेही ओघात सांगेन.

क्रेन किती टनांची, हा प्रश्न खरं तर शेवटी येतो. आधी विचारायचं ते असं: काय उचलायचं आहे, किती वेळा उचलायचं आहे आणि उचललेली वस्तू त्या उंचीवर किती दिवस राहणार आहे. रेल्वेच्या वर्कशॉपात रोज डबे येतात. सकाळी बॉडी उचलली, बोगी बाहेर काढली, दुसरी बोगी खाली ढकलली, बॉडी उतरवली. तिथे ओव्हरहेड क्रेन दिवसभर फिरत असते आणि तिचा पैसा वसूल होतो. तुमच्याकडे इंजिन एकदा उचललं जाईल आणि चाकांचं काम होईपर्यंत वर्ष-दोन वर्षं तसंच उंचावर उभं राहील. उचलणं अर्ध्या दिवसाचं, टेकवून ठेवणं दोन वर्षांचं. आणि त्या दोन वर्षांत दर शनिवारी त्याच्याजवळून लहान मुलं जाणार. म्हणून तुमचा पैसा आधी टेकूंवर, जमिनीवर आणि कठड्यावर जायला हवा. क्रेनचा नंबर त्यानंतर.

आता वजन. तुम्ही 'अंदाजे २५ टन असावं' असं लिहिलंय. अंदाज बरा आहे, पण तो कशावर बेतलाय ते माहीत हवं. तुमच्या भागातल्या बार्शी लाइट रेल्वेचं उदाहरण घ्या. १८९७ साली ही लाइन सुरू झाली तेव्हा तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ॲक्सल लोड, म्हणजे एका ॲक्सलवर येणारं वजन, ५ टनांचा धरला होता आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळं त्या हिशेबात बसवलं होतं. तुमचं इंजिन त्या जातीचं असेल, तर सहा ॲक्सल गुणिले ५, म्हणजे पाणी-कोळसा भरून जास्तीत जास्त ३० टन. इंजिन दुसऱ्या लाइनवरचं असेल तर तिथला ॲक्सल लोड शोधा आणि हाच हिशेब करा. हा आकडा खरं वजन नव्हे, पण याच्यावर वजन जाणार नाही एवढी खात्री त्यातून मिळते आणि साहित्य निवडताना तीच लागते. तुलनेसाठी सांगतो, दार्जिलिंगचं दोन फुटी बी क्लास इंजिन १५ टनांच्या आसपास भरतं आणि ब्रॉडगेजचं डब्ल्यूपी जातीचं इंजिन टेंडरसकट (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट) १७० टनांच्या पुढे जातं. वाफेचं इंजिन म्हटलं की अवाढव्य क्रेन डोळ्यांपुढे येते, ती ब्रॉडगेजच्या शेडमधली. नॅरोगेजला ती लागत नाही.

खरं वजन हवं असेल तर सुटे झालेले मोठे भाग जवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेऊन तोला. ट्रॉलीसकट आणि ट्रॉलीविना, अशा दोन पावत्या घ्या. त्या भागाच्या अंगावर ऑइलपेंटने वजन लिहून टाका. पुढे पाच वर्षांनी तो भाग परत चढवताना कोणालाही अंदाज बांधावा लागणार नाही.

पुढचा मुद्दा कामाच्या क्रमाचा. आधी सोलायचं, मग उचलायचं. बाजूच्या टाक्या रिकाम्या करा. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. तळाशी गाळ बसलेला असतो तोही काढा. मग टाक्या, कॅब, बॉयलर हे सगळं उतरवा. उरते ती फ्रेम, सिलिंडर आणि चाकं. फ्रेम उचलताना चाकं रुळावरच राहतात, म्हणजे त्यांचंही वजन वजा. ३० टनांवरून सुरू झालेला हिशेब इथवर येईपर्यंत निम्म्याच्या आसपास येतो. १५ टनी क्रेनची गरज बहुतेक या क्रमातच संपते.

बॉयलरवर जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता टिकवणारं आवरण, असेल तर हात लावण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. जुन्या इंजिनांवर ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग सर्रास असायचं. ते निघेपर्यंत त्या शेडमध्ये एकही पाहुणा नको, आणि ते काढायचं काम त्यातल्या जाणकार कंत्राटदाराचंच. यात तडजोड करू नका.

फ्रेम उचलायला माझी शिफारस विजेवर चालणाऱ्या चार स्क्रू जॅकच्या संचाची. रेल्वेत आम्ही त्याला व्हाइटिंग जॅक म्हणतो. फ्रेमखाली पुढे-मागे दोन आडव्या गर्डर घालायच्या, त्यांच्या चार टोकांना चार जॅक लावायचे आणि एकाच पॅनेलवरून चारही एकदम वर घ्यायचे. क्रेनपेक्षा हे का बरं? एक तर ओझं कुठेच लोंबकळत नाही, झोका खात नाही. दुसरं, छतावर आणि भिंतींवर काहीच भार येत नाही, जुन्या वास्तूला हे फार मोलाचं. तिसरं म्हणजे स्क्रूचा आटा असा असतो की वीज गेली तरी ओझं आपोआप खाली घसरत नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये ओझं तेलाच्या दाबावर आणि एका सीलवर उभं असतं. सील कधी सोडेल ते बाहेरून दिसत नाही. हायड्रॉलिक जॅक वाईट नाहीत, मी ते भरपूर वापरले आहेत, पण ते वर नेण्यासाठी. धरून ठेवण्यासाठी नाहीत.

स्क्रू जॅकमध्ये मुख्य नटाखाली एक सेफ्टी नट असतो. त्याच्यावर ओझं नसतं. मुख्य नटाचे आटे झिजत गेले की दोघांमधली फट कमी होत जाते. ती फट दर वेळी उचलण्याआधी फीलर गेजने मोजून वहीत लिहायची. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेखाली गेली की नट बदलायचा, त्याशिवाय उचलायचं नाही. रेल्वेच्या लिलावातले जुने जॅक स्वस्तात मिळतात आणि तुम्हाला कोणीतरी ते सुचवेलच. घ्यायला हरकत नाही, पण ही फट आधी मोजा आणि चारही जॅक एकाच संचातले आहेत ना, ते बघा.

जॅक किती टनांचा घ्यायचा? २० टन भागिले चार म्हणून ५ टनी जॅक, हा हिशेब चुकीचा आहे. सपाट नसलेल्या फरशीवर चार पायांचं टेबल ठेवलं की ते दोन समोरासमोरच्या पायांवर डुगडुगतं. इंजिनाची ताठ फ्रेम तेच करते. एक जॅक चार-पाच मिलिमीटर मागे राहिला, तर तिरकस समोरासमोरच्या दोन जॅकवर जवळजवळ सगळं ओझं जातं. म्हणून प्रत्येक जॅक एकूण वजनाच्या निम्मं पेलणारा असावा. तुमच्या सोललेल्या इंजिनाला १० टनी जॅकचा संच भरपूर होईल, २० टनांपर्यंतचं ओझं त्यावर निर्धास्त. चार जॅकमधला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की सगळे आपोआप थांबतील अशी व्यवस्था पॅनेलमध्ये असावी. जुन्या संचात ती नसेल तर प्रत्येक जॅकजवळ मोजपट्टी घेऊन एक माणूस उभा करा, आणि थोडं-थोडं उचलून मापं पुकारत जा.

आता जमीन. जॅकचा पाया साधारण अर्धा मीटर बाय अर्धा मीटर असतो. त्यावर १० टन आले तर चौरस मीटरला ४० टनांचा दाब झाला. तुमच्या शेडची फरशी बहुधा शहाबादी, खाली मुरमाची भर, आणि मधोमध पिट, म्हणजे इंजिनाखाली उतरून काम करायचा खड्डा, असेल तर त्याच्या दगडी भिंती. या फरशीवर एवढा दाब देऊ नका. जॅकच्या चार जागा आधी ठरवा, तिथली फरशी काढा, खाली काय आहे ते खणून बघा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आरसीसीचे पाये डिझाइन करून घ्या. पिटच्या भिंतीला लागून जॅक ठेवायचा नाही, कारण भिंत आत ढकलली जाते. पुरातत्त्व खात्याची किंवा वारसा समितीची परवानगी लागणारी वास्तू असेल, तर हे खोदकाम आधी त्यांच्यापुढे ठेवा. नेमकी किती खोली, किती लोखंड, हे जागेवर माती बघूनच ठरतं. मी इथून सांगणं बरोबर नाही.

फ्रेम वर गेली, चाकं बाहेर ढकलली, की त्याच दिवशी फ्रेम लोखंडी घोड्यांवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, उतरवायची. जॅक मोकळे करून बाजूला न्यायचे. उचलतानाही रिकामी जागा कधी ठेवायची नाही. जॅक वर जाईल तसे खाली लाकडी ठोकळे भरत जायचं. 'उचलत जा, भरत जा' हे आमच्या मुकादमांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. स्लीपर आडवे-उभे रचून पॅकिंग केलं, तर त्याची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नको. कुजलेले, वाळवी लागलेले, तडा गेलेले स्लीपर पॅकिंगला चालत नाहीत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घेणार असाल तर प्रत्येकाला हातोडीने ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला तर बाजूला काढा.

लाकडी डब्यांचं वजन कमी असतं, पण बॉडी लांब आणि कमजोर. ती चार कोपऱ्यांत उचलली तर मधे झोळ पडतो आणि दारं अडकतात. त्यांना सोलबारखाली, म्हणजे बॉडीच्या तळाच्या लांब आडव्या तुळयांखाली, लांब गर्डर घाला, दारांच्या चौकटींना तिरके टेकू ठोका आणि याच जॅकने उचला. डब्यासाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही.

राहिला बॉयलर. तो सरळ वर काढावा लागतो, म्हणजे हूक उंच हवा, आणि जुन्या मालशेडच्या छताखाली तेवढी उंची मिळत नाही. पण हे काम किती वेळा? एकदा काढायचा, काही वर्षांनी एकदा बसवायचा. दोन दिवसांच्या कामासाठी कायमची क्रेन कशाला? इंजिन शेडबाहेर ढकला आणि मोबाइल क्रेन भाड्याने आणा.

भाड्याची क्रेन म्हटलं की गावात हायड्रा, म्हणजे ओझं घेऊन चालणारी छोटी चाकांची क्रेन, उभी राहते. १४ टनी हायड्रा, ६ टनांचा बॉयलर, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त ताकद, असं वाटतं. १४ टन हा आकडा बूम आखूड आणि ओझं अगदी जवळ असतानाचा. बूम लांबवली की ताकद झपाट्याने उतरते. क्रेनवाल्याकडून लोड चार्ट मागा, तुमच्या अंतराला आणि उंचीला किती टन ते त्यात बघा. चार्ट नसेल तर ती क्रेन परत पाठवा. मी तर सरळ आउटरिगरवाली, चार पाय पसरून उभी राहणारी क्रेन मागवायला सांगेन. हायड्रा ओझं घेऊन चालते, चालताना ते झुलतं, आणि बॉयलर फ्रेमवर बसवताना मिलिमीटरचा खेळ असतो.

क्रेन जिथे उभी राहणार ती जमीन बघा. सोलापूरकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि एका पावसानंतर लोण्यासारखी. हे काम एप्रिल-मेमध्ये करा आणि तरीही आउटरिगरच्या पायाखाली पोलादी प्लेट किंवा स्लीपरचा पाट द्या. आणि वर बघा. शेड चालू रेल्वेलाइनला लागून असेल तर तिथली ओव्हरहेड वायर २५ हजार व्होल्टची आहे. तिला स्पर्श व्हायचीही गरज नसते, बूम जवळ गेली तरी पुरे. रेल्वेच्या लेखी परवानगीशिवाय आणि त्यांनी ब्लॉक दिल्याशिवाय, म्हणजे गाड्या आणि तारेतली वीज थांबवल्याशिवाय, तिथे बूम उभारायची नाही. महावितरणच्या तारांनाही हाच नियम.

बॉयलरला स्लिंग, म्हणजे उचलायचा पट्टा किंवा दोर, घालण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हौशी मंडळींकडून सगळ्यात जास्त गफलत इथे होते. डोमला, वॉशआउट प्लगला, हँडरेलला, कुठल्याही फिटिंगला बॉयलर टांगायचा नाही. स्लिंग बॅरलभोवती. फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं, टोक जड असतं, त्यामुळे तोल मधोमध नसतो. समजा, ६ टनांचा बॉयलर, दोन स्लिंगमधलं अंतर ३ मीटर आणि गुरुत्वमध्य फायरबॉक्सकडच्या स्लिंगपासून १ मीटरवर. मग फायरबॉक्सकडच्या स्लिंगवर ४ टन येतात आणि स्मोकबॉक्सकडच्या, म्हणजे धुराड्याकडच्या, स्लिंगवर २. निम्मं-निम्मं धरून ३ टनी स्लिंग घेतली असेल तर एक स्लिंग पहिल्याच क्षणी मर्यादेबाहेर.

त्यात कोनाची भर. दोन स्लिंग एका हुकात तिरक्या नेल्या की त्यांच्यावरचा ताण वाढतो. ६ टन दोघींवर सारखे आले तरी आडव्याशी ६० अंशाचा कोन असताना प्रत्येकीवर साडेतीन टन येतात, ४५ अंशाला सव्वाचार, आणि ३० अंशाला पुरते ६. छत बुटकं म्हणून स्लिंग पसरट घेतली की नेमका हाच प्रकार होतो. शिवाय तिरकी स्लिंग बॅरलला दोन्ही बाजूंनी आत दाबते. जुन्या पातळ झालेल्या पत्र्याला ते सोसत नाही. म्हणून मधे लिफ्टिंग बीम घाला, त्याखाली स्लिंग सरळ उभ्या येऊ द्या आणि बीमवरचा हूक गुरुत्वमध्याच्या डोक्यावर आणा. आधी १० सेंटिमीटर उचला, थांबा, कुठलं टोक वर जातंय ते बघा, खाली ठेवा, हूक सरकवा. दोन-तीनदा असं केल्यावरच वर न्या. हायड्रॉलिक टेस्टनंतर उचलत असाल तर आतलं पाणी पूर्ण निघालंय याची खात्री करा.

आता रोजचं काम. मोठी उचल सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते, तिथे सगळे जपून वागतात. पाठी आणि बोटं जातात ती ४० ते २०० किलोच्या वस्तूंनी: ॲक्सल बॉक्स, पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कनेक्टिंग रॉड, पंप, सिलिंडर कव्हर. 'चला, चौघं मिळून धरू' म्हणत हौशी लोक त्या हाताने उचलतात. या वस्तूंसाठी शेडमध्ये २ किंवा ३ टनी छोटी क्रेन हवी, आणि पैसे असतील तर एक सिझर लिफ्ट टेबल. सुटी चाकजोडी फिरवायलाही हीच क्रेन उपयोगी पडेल. मात्र चाकजोडी आधी तोलून घ्या, मगच २ की ३ ते ठरवा.

ही क्रेन छताला टांगायची नाही. कैची बनवली गेली ती पत्र्याचं किंवा कौलांचं वजन आणि वारा पेलायला. तिच्या खालच्या टायला, म्हणजे आडव्या दांडीला, मधेच एक टन लटकवणं हे तिच्या हिशेबात कधीच नव्हतं. एका खाजगी शेडमध्ये मी अशी कैची पाहिली आहे. चेन पुलीने टाय रॉड वाकला होता आणि त्या बाजूची कौलं सरकली होती. दगडी भिंतीत ब्रॅकेट ठोकून गॅन्ट्री, म्हणजे क्रेन ज्यावर चालते तो सांगाडा, बसवायलाही मी नाहीच म्हणेन. जुन्या चुन्याच्या भिंतीला सरळ खालचा भार चालतो, आडवा धक्का चालत नाही, आणि क्रेन चालता-थांबताना आडवाच धक्का देते. स्वतःच्या खांबांवर, स्वतःच्या पायावर उभी राहणारी गॅन्ट्री करा. उद्या ती काढून टाकली तरी मूळ वास्तूवर ओरखडा नको. चाकांवर ढकलायची ए-फ्रेम स्वस्त पडते, पण शहाबादी फरशीच्या सांध्यात तिचं चाक अडकतं. ती घेतलीच तर फक्त जागच्या जागी वर-खाली करायला वापरा. ओझ्यासकट ढकलू नका.

आता पाहुणे. तुमच्या प्रश्नात हा भाग शेवटच्या ओळीत आला होता, माझ्या मते तोच पहिला. गॅन्ट्रीची जागा ठरवण्याआधी शेडच्या नकाशावर लोकांची वाट आखा. मग क्रेनचा रूळ त्या वाटेपर्यंत पोचणारच नाही असा आखूड ठेवा आणि टोकाला लोखंडी स्टॉपर वेल्ड करा. क्रेन आपोआप थांबवणारा लिमिट स्विच असूच द्या, पण भरवसा स्टॉपरवर. 'पाहुण्यांच्या डोक्यावरून ओझं नेऊ नये' अशी पाटी लावण्यापेक्षा क्रेन तिथे जाऊच शकत नाही, हे कितीतरी बरं. पाटी नवा माणूस वाचेलच असं नाही.

वाटेला कठडा हवा तो पक्का, जमिनीत रोवलेला. दोरी आणि कोन चालत नाहीत. मुलं दोरीखालून जातात, ती त्यांची चूक नाही. कठड्याला खालपासून जाळी असावी, म्हणजे हात-पाय आत येत नाहीत. कामाच्या बाजूला जायचं दार एकच ठेवा आणि त्याला असा स्विच बसवा की दार उघडलं की क्रेनचा आणि जॅकचा वीजपुरवठा तुटेल. हे काम गावातला चांगला इलेक्ट्रिशियन करू शकतो आणि खर्चही फार नाही.

कठडा किती लांब? उचललेलं ओझं पडलं किंवा कलंडलं तर जिथवर पोचेल त्याच्या पलीकडे. वायर रोप ताणाखाली तुटली तर चाबकासारखी मागे येते, म्हणून तिच्या रेषेत कोणीच उभं राहू नये. छोट्या शेडमध्ये एवढी जागा निघत नाही. मग उपाय एकच: लोक आत असताना उचलायचं नाही. मी तर म्हणेन, तुम्ही हा नियम जागा असली तरी पाळा. शनिवार-रविवारी तुमची निम्मी माणसं लोकांना माहिती सांगण्यात गुंतलेली असतात. त्यांचं लक्ष दोन्हीकडे असताना उचल करणं धोक्याचं आहे. मोठी उचल मंगळवारी-बुधवारी करा, बाहेरच्या फाटकाला कुलूप लावून.

लोकांना उचलण्याचं काम बघायला आवडतं, हे मला मान्य आहे. मोठं ओझं हवेत जातं तेव्हा सगळी शेड गप्प होते, मलाही अजून तो क्षण आवडतो. दाखवायचंच असेल तर वेळ जाहीर करून, कठड्यापलीकडे लोकांना उभं करून, एक चाकजोडी वीत-दीड वीत उचलून दाखवा. त्या वेळी पेंडंट (क्रेन चालवायची बटणांची पेटी) हातात असलेला माणूस फक्त क्रेन चालवेल, इशारे देणारा फक्त इशारे देईल आणि माहिती सांगणारा तिसराच असेल. इशारा एकानेच द्यायचा. 'थांब' मात्र कोणीही ओरडू शकतो, अगदी पाहुण्यांपैकीसुद्धा, आणि तो ऐकलाच पाहिजे.

सुट्टीच्या दिवशी शेड उघडण्याआधी हूक वर आणि बाजूला, त्यावर काहीही टांगलेलं नको. पेंडंटची किल्ली काढून जबाबदार माणसाच्या खिशात. चेन पुलीच्या हातसाखळ्या गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर. स्लिंग आणि शॅकल (जोडायच्या कड्या) कुलुपाच्या जाळीत. घोड्यांवर उभ्या इंजिनाखाली कोणाला वाकून बघता येणार नाही असे पत्रे किंवा जाळी लावा. खाली काय चाललंय ते दाखवायला एक आरसा तिरका ठेवा, मुलांना तो फार आवडतो. रुळावर उभ्या डब्यांच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके.

तपासणीचं बघू. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २९ पासून चालत आलेली रीत अशी की उचलण्याची यंत्रं, चेन, रोप, स्लिंग यांची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यायची आणि नोंद ठेवायची. फिरत्या क्रेनच्या रुळाजवळ कोणी काम करत असेल, तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येऊ नये, हेही त्याच कलमात होतं. ब्रिटनमध्ये खूप हेरिटेज रेल्वे आहेत. तिथल्या १९९८ च्या नियमांत क्रेनला १२ महिने आणि स्लिंग-शॅकलसारख्या साहित्याला ६ महिने अशी मुदत आहे. तुमच्यासारख्या ठिकाणी मी सहा महिन्यांचीच मुदत धरेन, कारण साहित्य अनेकांच्या हातून जातं. तुमच्या संस्थेला कायद्याचं नेमकं काय लागू होतं ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयात लेखी विचारा. लागू नाही असं उत्तर आलं तरी तपासणी करा. विमा कंपनीही हेच कागद मागेल. नवी क्रेन बसवल्यावर १२५ टक्के भाराची चाचणी घेतल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.

रोजची नजर मात्र तुमच्याच माणसांची. चेन मूळ लांबीपेक्षा ५ टक्के लांबली, हूकचं तोंड १० टक्के उघडलं, हूकची खिटी तुटली, पट्ट्याच्या स्लिंगला काप गेला किंवा तिचं लेबल निघालं, की ती वस्तू बाद. बाद वस्तू कोपऱ्यात ठेवायची नाही, तिथल्या तिथे कापून टाकायची. नाहीतर ती कोणीतरी परत वापरतो. पट्ट्याच्या स्लिंगचे रंग शिकवून ठेवा: जांभळी १ टन, हिरवी २, पिवळी ३, करडी ४, लाल ५. रिव्हेटच्या डोक्यांवर आणि पत्र्याच्या कडेवर ही स्लिंग कापली जाते, तिथे मधे जाड रबर किंवा चामडं घाला.

देणगीदारांना १५ टनी क्रेनवर नाव लावायचं असेल, हे मी समजू शकतो. त्यांना शेडमध्ये बोलवा आणि हे सगळं जागेवर दाखवा. पहिल्या टप्प्यात जॅकचे पाये, चार घोडे आणि लोकांचा कठडा. दुसऱ्यात जॅकचा संच आणि एक भाड्याची क्रेन, बॉयलर उतरवायला. छोटी गॅन्ट्री तिसऱ्यात, कारण तोवर कुठली वस्तू किती वेळा, कुठून कुठे न्यावी लागते ते तुमच्या फिटरना पक्कं कळलेलं असेल, आणि तिची लांबी-उंची तेच सगळ्यात बरोबर सांगतील.

पुढच्या वेळी लिहिताना शेडच्या आतली रुंदी, कैचीच्या खालच्या टायपर्यंतची उंची, पिट आहे की नाही, जवळच्या वीजतारा किती अंतरावर आहेत आणि इंजिनाची फ्रेम चाकांच्या आत आहे की बाहेर, एवढं कळवा. फ्रेमखाली गर्डर कुठे घालायच्या, ते त्यावरून सांगता येईल.